बायकांच्या घाटाखालचे खेकडे

१

मंगळवारी सकाळी तापीच्या डोहात मासे पांढरी पोटं वर करून तरंगताना दिसले, आणि नऊ वाजायच्या आत गावाने गुन्हेगार ठरवूनही टाकला.

गुन्हेगार म्हणजे खात्या भिल. डोहाच्या खालच्या टोकाला त्याची झोपडी, तिथेच त्याचं जाळं, आणि सगळी मेलेली मासळी वाहत येऊन नेमकी त्याच्याच दारात लागलेली. शिवाय लोटन पाटलांनी झोपडीत डोकावलं, तर टोपलीत हिंगणीची फळं! हिंगणी कुटून पाण्यात टाकली की मासे गुंगून वर येतात, हे आमच्या जांभळखेड्यात सगळ्यांना माहीत. मग आणखी काय हवं?

"डोहम्हा जहर टाकं यानी!" पाटील काठी आपटत म्हणाले. "शुक्रवारे आखाजी शे. गावन्या पोरी माहेर येतीन, त्यासले हाई पानी पाजू? बस्तरवारे चावडीवर बसू. आनि त्याच सांजले, खात्या, तुन्हं झोपडं उचल."

खात्या वाकून आपलं जाळं गोळा करायला लागला. त्याची बायको रेवाबाई माझ्याकडे बघत होती. मी कुंदाला कडेवर घेऊन काठावर उभी होते.

रेवाबाई आमच्याकडे कामाला यायची. यायची म्हणजे काय, तिच्याच जिवावर माझं बाळंतपण आणि त्यानंतरचे नऊ महिने निभावले होते. मी मुंबईत बी.एस्सी. झालेली, प्राणिशास्त्र घेऊन. पण पोरगी शिंकली की मला घाम फुटायचा. यजमान शाळेत हेडमास्तर; ते म्हणायचे, "तुझ्या काळज्यांचं हजेरीपुस्तक ठेवायला हवं." खोटं नव्हतं. पाणी दोनदा उकळायचं, कुंदाच्या दुपट्याला इस्त्री फिरवायची, मांजराला उंबऱ्याबाहेर ठेवायचं, पाळण्यामागची भिंत तिने चाटली म्हणून ती खरवडून घ्यायची, अंगणात कुणी खोकलं तर दार लोटायचं. या सगळ्यात मला हसली नाही अशी गावात एकच बाई होती, ती रेवाबाई.

आणि तिने गुरुवारी संध्याकाळी, आखाजीच्या म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी, गाव सोडायचं होतं.

२

त्याच दुपारी मी झोपडीवर गेले. रेवाबाई गुडघाभर पाण्यात वाकून चिखल चाचपत होती. ओटीत पाच-सात शिंपले.

"हे कशाला?"

"मासा तर गया, बाई. पोरं काय खातीन? शिंपला जित्ता शे." तिने एकाला बोट लावलं. त्याने पटकन तोंड मिटलं.

शिंपला जिवंत! मी दचकलेच. मासे मेले आणि शिंपले जिवंत?

मुंबईला असताना आमच्या कॉलेजच्या बाईंनी आम्हां सात मुलींना एका खाडीवर नेलं होतं. शहराचं घाण पाणी जिथे खाडीत पडतं तिथे चिखलात उभं करून म्हणाल्या होत्या, "पाण्याचा रंग बघू नका. वास घेऊ नका. इथे कोण राहतं आणि कोण निघून गेलं, ते विचारा. मासा पळू शकतो, त्याची साक्ष कच्ची. कालवं बघा, खडकाला चिकटलेले शिंपले बघा, बिळातले खेकडे बघा. ते जागा सोडत नाहीत." मग एक कालव हातात घेऊन म्हणाल्या, "आणि हे जिवंत आहे म्हणून पाणी चांगलं, असंही समजू नका. हे दिवसभर पाणी गाळतं. त्यातलं नको ते पोटात साठवून बसतं."

"रेवाबाई, टाक ते. पोरांना देऊ नकोस. आज माझ्याकडून भाकरी ने."

तिने वाद घातला नाही. माझ्या काळज्यांची तिला सवय होती.

खात्या फाटकं जाळं मांडीवर घेऊन बसला होता.

"खात्या, खरं सांग. हिंगणी टाकलीस?"

"मी नही टाकं, बाई. टाकती ना, तर गोगलगाय बी मरती. हिंगणी म्हणजे गोगलगायनं मरण. खेकडाले काय नही व्हस. खेकडा हासस." आणि हे सांगताना तो स्वतःही जरासा हसला.

मी खाली पाहिलं. दगडांवर गोगलगाई आरामात शेवाळ चरत होत्या. आणि त्यांच्या शेजारी, बिळाच्या तोंडाशी, एक खेकडा पाय वर करून मेलेला. दोन हातांवर दुसरा. मग तिसरा. कपारीत पंधरा-वीस झिंगे, उकडल्यासारखे गुलाबी.

खात्याने सांगितलं त्याच्या बरोबर उलट!

"मग ही फळं घरात कशाला? कुणासाठी आणलीस?"

खात्याने बायकोकडे पाहिलं. रेवाबाईने मान खाली घातली.

"माले म्हनं, आन. मी आनी," तो म्हणाला. "कोनसाठे ते तिले इचारा."

"रेवाबाई?"

"मी शब्द दिन्हा शे, बाई," ती म्हणाली, आणि भांडी घासायला निघून गेली. भांडी अगोदरच स्वच्छ होती.

३

नवऱ्याला गाव सोडायला लागत असताना बाई कोणाला दिलेला शब्द पाळते? मी त्या रात्री झोपले नाही. अर्थात मी तशीही झोपत नव्हते; पण एरवीची कारणं वेगळी असायची.

बुधवारी उजाडल्यावर कुंदाला पाठीशी बांधलं, हातात काठी घेतली आणि डोहाच्या खालच्या टोकापासून वरच्या बाजूला काठाकाठाने चालत निघाले. दर दहा पावलांवर एक दगड उलटायचा, एक बीळ बघायचं. बघणारे काय म्हणत असतील, याचा विचार मुद्दाम केला नाही. पाणी आणायला चाललेली एक म्हणालीच, "मास्तरीणबाईनं काय हरपनं व माय?"

झोपडीपाशी: खेकडे मेलेले, गोगलगाई जिवंत. महादेवाच्या देवळाखाली: तेच. पिंपळाखाली: तेच. आणि आणखी एक गोष्ट ध्यानात आली. पाण्याच्या पाठीवर लांब पायांनी सुळसुळ धावणारे ते किडे असतात ना, कुंदा ज्यांच्याकडे बघून हात नाचवते, त्यातला एकही दिसत नव्हता. डोह आरशासारखा गप्प.

मग बायकांचा घाट आला. धुण्याचे नऊ दगड. शेवटच्या दगडाच्या खालच्या अंगाला खेकडा मेलेला. पहिल्या दगडाच्या वरच्या अंगाला मी धोंडा उलटला आणि किंचाळले. एक जाडजूड खेकडा नांगी उगारून माझ्या अंगठ्यावरच धावून आला!

एवढा आनंद मला कुठल्याही खेकड्याने दिला नव्हता. पुढे वीस पावलं गेले. झिंगे टुणटुणत होते. पाण्यावरचे किडे पळत होते. कुंदा पाठीवरून "आ, आ" करायला लागली.

म्हणजे जहर खात्याच्या टोकाला पडलंच नव्हतं. खालून टाकलेलं वर चढत नाही. ते पडलं घाटावर, आणि डोहाच्या संथ ओढीने खाली गेलं. मेलेले मासे खात्याच्या दारात लागले, कारण वाहतं पाणी सगळं तिथेच नेऊन सोडतं.

घाटाच्या वर तीस पावलांवर शांतीलालभाईंचं नवं ऑईल इंजिन होतं. पंपाने पाणी उचलून ते केळीला द्यायचे. शांतीलालभाई स्वतः तिथे उभे. इंजिनखाली तेलाचा काळा डाग.

"बेन, माझ्याकडे असं बघू नका," ते म्हणाले. "कालपासून अर्धा गाव असंच बघतोय. तेल गळतं, कबूल! पण पाचशे केळी मी याच पाण्यावर पोसतो. मी कशाला त्यात जहर घालीन?"

मी त्यांच्या इंजिनाखालचा दगड उलटला. खेकडा पळाला.

"शांतीलालभाई, तुम्ही सुटलात," मी म्हटलं.

"कोणी सोडवलं?"

"त्याने." मी खेकड्याकडे बोट दाखवलं.

शांतीलालभाईंनी कपाळाचा घाम पुसला आणि खेकड्याला चक्क हात जोडले.

४

घरी आल्यावर मी पाटी घेऊन बसले. मेले कोण? खेकडे, झिंगे, पाण्यावरचे किडे. आणि मासे. वाचले कोण? गोगलगाई, शिंपले.

मासे बाजूला ठेवले, तर मेलेल्यांचं एकमेकांशी नातं होतं. सगळे सांध्यासांध्यांच्या पायांचे, अंगावर कवचाचा कोट घातलेले. वर्गात आम्ही त्यांना एकाच पेटीत घालायचो. त्या पेटीत आणखी कोण असायचं? झुरळ. माशी. डास.

डास!

मी उठले ती तडक मलेरियाच्या फवारणीवाल्यांच्या तंबूवर. गेल्या गुरुवारी त्यांची तुकडी गावातल्या प्रत्येक घराच्या भिंतींवर डीडीटीचं पांढरं पाणी फवारून गेली होती, आणि आता शेजारच्या गावचं काम काढून आमच्याच माळावर मुक्कामाला होती. त्यांचे इन्स्पेक्टर दिलवरसिंग म्हणजे खाकी हाफपँट, काखेत वही, आणि मिशीला तूप.

"पंप कुठे धुता?" मी दारातूनच विचारलं.

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी त्यांच्या आईबद्दल काही बोलले होते. मग मला माळावर नेलं. नदीपासून तीन शेतं लांब, मुरमात खणलेला कंबरभर खड्डा, भोवती काटेरी कुंपण, बाजूला पाटी: 'हात लावू नये'.

"एक थेंब नदीत नाही, बाई. बारा वर्षांची नोकरी आहे. पंप इथे धुतो, हात इथे धुतो. पावडरीचं पोतं इथे पुरतो."

खड्ड्याच्या कडेला मुंग्या नव्हत्या, गवतावर नाकतोडे नव्हते. आणि खड्ड्यापासून नदीपर्यंतच्या सगळ्या वाटेवर मुंग्यांच्या रांगा मजेत चालल्या होत्या. दिलवरसिंग खरं बोलत होते.

म्हणजे औषध तेच, पण हात त्यांचा नाही. मग ते घाटावर पोचलं कसं?

"आणि भिंतीवरचं?" मी विचारलं.

"भिंतीवरचं भिंतीवर! फवारलेली भिंत पावसाळा संपेपर्यंत धुवायची नाही, सारवायची नाही. प्रत्येक घरी बजावलंय. कोणी धुतली तर नाव लिहून घेतो." त्यांनी वही थोपटली. "अजून एकही नाव नाही."

मी कुंदाला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि थबकले. तिच्या डाव्या गालावर तीन लाल गांधी. डासाच्या.

फवारणीनंतर चार दिवस गावात डास औषधालाही नव्हता. मग हे कुठून आले?

५

डोह बघताना, पाटीवर लिहिताना, सकाळपासून कुंदा माझ्याजवळच होती. मधे तासभर मात्र शेजारी जसोदाबाईंकडे निजली होती. त्यांच्या ओसरीवर.

जसोदाबाई गुजर पाटीदारांच्या घरातल्या, साठीच्या, गावातल्या निम्म्या बायकांच्या सासू आणि उरलेल्यांच्या मावशी. मी गेले तेव्हा त्या सांजोऱ्यांचं सारण परतत होत्या. मी सारणाकडे बघितलं नाही. भिंतीकडे बघितलं.

हिरवट, गुळगुळीत, ताज्या शेणमातीने सारवलेली भिंत. पांढरा एक ठिपका नाही.

"मावशी, भिंत कधी सारवली?"

"सोमवारे." त्यांनी सहज सांगितलं, आणि मग उलथनं हवेत थांबलं.

"आणि आधी जुनं खरवडलं?"

"मंग? मन्ह्या चार पोरी येतीन, जावाई येतीन. भिंतवर हाई पांढरं पांढरं दखीसन काय म्हनतीन? जसोदानं घर चुन्यानी भट्टी व्हई गे का? आनि वास! गोधड्यासले वास, खाटलासले वास."

"खरवडलेली माती कुठे टाकलीत?"

"गंगाले," त्या म्हणाल्या. तापीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. "जुनी माती घाटवर सोडनी, काठनी नवी माती लयनी. आम्हनी सासू तसंच करे. आखाजीले घरनी माती बदलतस."

"तुम्ही एकट्याच?"

त्या हसायला लागल्या. "एकली कसाले? सोमवारे घाटवर पाय ठेवाले जागा नव्हती! सगळं गाव. गोधड्या धोयात, खाटला धोयात. रेवानी हिंगणी दिन्ही सगळ्यासले, फेस चांगला येस. तिले सांगं, त्या इन्स्पेक्टरले नको सांगू बाई, तो नाव लिखी लेस."

हिंगणी मासे मारायला नव्हती, गोधड्या धुवायला होती. शंभर घरांच्या भिंती एका दिवसात डोहात गेल्या होत्या. गुन्हेगार शंभर होत्या, आणि एकीलाही ते माहीत नव्हतं. रेवाबाईलाही नाही. तिने तर नुसता शब्द पाळला होता.

शंभर? मी मनात घरं मोजली. मोजता मोजता माझ्याच दारापाशी आले.

कुंदाने भिंत चाटली म्हणून पाळण्यामागची माती मी खरवडून घेतली होती. शनिवारी. सोमवारच्या दोन दिवस आधी. घाटाकडे भांडी घासायला निघालेल्या रेवाबाईने बादली उचलून विचारलं होतं, "कोठे टाकू, बाई?" आणि औषधाच्या पुड्यावरचं प्रत्येक अक्षर वाचणारी मी, बी.एस्सी., म्हणाले होते, "कुठेही टाक. घरापासून लांब."

६

गुरुवारी दुपारी चावडी भरली. पुरुष ओट्यावर, बायका मागे भिंतीच्या सावलीत, पदर कपाळावर. खात्या मधोमध उकिडवा. झोपडीच्या छपराचं गवत त्याने आदल्या दिवशीच सोडायला घेतलं होतं, हे मला रेवाबाईकडून कळलं.

"तुम्ही सांगा ना," मी यजमानांना म्हटलं.

"मी? माझ्या आवाजाने तिसरीचा वर्गसुद्धा गप्प बसत नाही. दगड तू उलटलेस, तूच बोल." आणि त्यांनी कुंदाला माझ्याकडून घेतलं.

मी सकाळीच दोन मडकी भरून ठेवली होती. पाणी घाटाच्या वरचं. प्रत्येकात पाच झिंगे, एक बोटभर मासा, दोन गोगलगाई. ती मी पाटलांच्या पुढ्यात मांडली.

"पाटील, या मडक्यात मी खात्याच्या टोपलीतली हिंगणी कुटून टाकली. बघा."

पाटील वाकले. मासा उलटा. गोगलगाई कवचात शिरून तळाला पडलेल्या. झिंगे मात्र काठाशी टुणटुण उड्या मारत होते.

"आता हे दुसरं."

मासा उलटा. झिंगे पाचही तळाशी, पाय आखडलेले. आणि दोन्ही गोगलगाई मडक्याच्या भिंतीवर शिंगं काढून सावकाश चढत होत्या.

"डोहात कोण मेलंय, पाटील? झिंगे की गोगलगाई?"

पाटलांनी खात्याकडे पाहिलं. खात्याने मडक्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मी सांगं व्हतं ना, खेकडा हासस."

कोणीतरी खुसकन हसलं.

"दुसरा मडकाम्हा काय टाकं?" पाटलांनी विचारलं.

"भिंत," मी म्हटलं. "डीडीटी फवारलेली."

दिलवरसिंग ताडकन उभे राहिले, वही उघडली. "कोणी धुतली? नाव सांगा!"

मागच्या सावलीत शंभर बांगड्या एकदम थांबल्या. जसोदाबाईंचा चेहरा मला दिसत होता. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू बाळंतपणात दिलेला सगळा डिंक आता परत मागतील. खात्याचं घर राहायचं तर नाव सांगायला हवं होतं. कुठून सुरुवात करायची, तेवढं मला ठाऊक होतं.

"लिहा," मी म्हटलं. "पहिली बादली माझी. शनिवारची. मी शिकलेली आहे, मला कळायला हवं होतं. रेवाबाईला मीच सांगितलं, कुठेही टाक."

दिलवरसिंगांची पेन्सिल हवेतच राहिली. हेडमास्तरांच्या बायकोचं नाव लिहायचं म्हणजे काय, हे त्यांना उमजेना.

मग मागून खणखणीत आवाज आला. "मन्ह्या चार टोपल्या. लिख, जसोदाबाई."

"आम्हन्या तीन."

"आम्हन्या सहा, आनि खाटला येगळा!"

बायका पुढे सरकत होत्या, आणि हसत होत्या, आखाजीच्या झोक्यावर चढायला रांग लागावी तशा. दिलवरसिंग घाईघाईने लिहीत होते. वहीचं पान संपलं. शेवटी पाटलांच्या घरातल्या, कौसाबाई, पदर सावरून नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

"पाटील, आपल्या घरन्या नऊ. मोठं घर शे ना."

सगळ्या चावडीत हशा फुटला. पाटलांनी पागोटं काढलं, डोकं खाजवलं, पागोटं घातलं. मग खात्याकडे वळले.

"खात्या, छप्पर सोडं का रे तू?"

"अर्धं, पाटील."

"मंग माणसं पाठाडस, आजच छप्पर शाकारी ले. आनि आखाजीनं जेवण मन्हा घर, पोरंसंगे." जरा थांबून ते म्हणाले, "मी चुकनू."

दिलवरसिंगांनी ती पानं फाडली नाहीत, नियमाचा माणूस. पण खाली लिहिलं, 'समज देण्यात आली', आणि आणखी एक खड्डा खणून दिला, गावासाठी. आखाजीच्या घागरी घाटाच्या वरून भरल्या गेल्या. झोक्याच्या गाण्यात पोरींनी माझं आणि खेकड्याचं नाव गुंफलं. ते इथे सांगण्यासारखं नाही.

श्रावणात तापीला पूर येऊन गेला. पाणी निवळल्यावर एके दिवशी खात्या दारात आला, पळसाच्या पानांचा द्रोण दोन्ही हातांनी धरून. आत नखाएवढा खेकडा, नांगी उगारून.

"घाटना खाले सापडना, बाई. तिसरा दगडजवळ."

रेवाबाईने कुंदाला उचलून दाखवला. कुंदाने बोट पुढे केलं. मी नेहमीसारखी ओरडले, "अगं, चावेल!" आणि खात्या तो घेऊन परत घाटाकडे गेला, जिथला तिथे सोडायला.

अजून पोरीच्या गालावर डासाची गांध दिसली, की मी शेजारच्या ओसरीकडे बघत नाही. आधी माझ्याच पाळण्यामागची भिंत बघते.